जुन्या जीपचा ब्रेक मास्टर सिलिंडर: आधी मापं, मग दुकान

‘५४०चा मास्टर सिलिंडर द्या’ असं सांगायचं, दुकानदार देईल तो डबा घेऊन यायचं, मेकॅनिकने तो कसाबसा बसवायचा आणि पंधरवड्यात पुढची चाकं तापतात किंवा पेडल दगडासारखं घट्ट लागतं म्हणून पुन्हा गॅरेज गाठायचं. जुन्या महिंद्रा जीपांच्या बाबतीत हे सर्रास होतं. मास्टर सिलिंडर म्हणजे पेडलचा जोर ऑइलच्या दाबात बदलून चाकांच्या ब्रेकपर्यंत पोहोचवणारा भाग. दरवेळी दोष दुकानदाराच्या माथी मारण्यात अर्थ नाही. त्याला विचारलेला प्रश्नच अर्धवट असतो.

आपल्याकडची जुनी जीप आरसी बुकात एक असते आणि चेसीवर दुसरीच. कुणी सैन्याच्या लिलावातून उचललेली, कुणी हरियाणातल्या डबवालीहून बांधून आणलेली, कुणाचं पेट्रोल इंजिन उतरवून डिझेल चढवलेलं, कुणी पुढच्या चाकांना बोलेरोचे डिस्क बसवून घेतलेले. अशा गाडीला मॉडेलचं नाव सांगून पार्ट मिळत नाही. मास्टर सिलिंडर जुळायला हवा तो चाकांवरच्या ब्रेकशी, पेडलशी आणि पाइपांच्या आट्यांशी.

इथली उदाहरणं सीजे-३बी वळणाच्या जीपा आणि ५४०, ५५०, मेजर, क्लासिक या गाड्यांची आहेत. जिप्सीवाल्यांनीही याच क्रमाने जावं, त्यांचे आटे मेट्रिक असतात एवढंच लक्षात ठेवावं.

इशारा: ब्रेकचा पाइप याआधी कधीच उघडला नसेल, तर निवड आणि मापं स्वतः करा, बसवण्याचं काम जाणत्या मेकॅनिककडून समोर उभं राहून करून घ्या.

## टप्पा १: दोष मास्टर सिलिंडरचाच आहे का?

नवा सिलिंडर बसवूनही पेडल तसंच, ही तक्रार बहुधा हा टप्पा गाळल्यामुळे येते.

गाडी सपाटीवर उभी करा, चाकांना दगड लावा, इंजिन बंद. पेडल मध्यम जोराने दाबून अर्धा मिनिट धरून ठेवा. पाय तसाच असताना पेडल हळूहळू खाली सरकत गेलं आणि बाहेर कुठेही ओल नसली, तर सिलिंडरच्या आतले रबर कप ऑइल मागे सोडताहेत. हा मास्टर सिलिंडरचा दोष.

पहिल्या दाबाला पेडल खोल जातं, दोन-तीनदा पंप केल्यावर वर येतं? मग आधी ड्रमचे शू (ड्रमला आतून घासणारे ब्रेकचे पट्टे) सेट करा. या गाड्यांचं शू सेटिंग हाताने करावं लागतं आणि वर्षानुवर्षं ते कुणी करत नाही. पेडल स्पंजासारखं दबत असेल तर लाइनमध्ये हवा आहे. गाडी ब्रेक मारताना एका बाजूला ओढत असेल तर त्या धुरीवरची दोन्ही चाकं उघडा. तिथे मास्टर सिलिंडरचा काही संबंध नाही.

ब्रेक लागतो पण सुटत नाही, याची दोन कारणं नेहमी नजरेतून सुटतात. एक, जुना रबरी होज आतून फुगलेला असतो. दाबाने ऑइल पुढे जातं, परत येत नाही. दुसरं, फळीखालच्या सिलिंडरच्या टाकीच्या झाकणातलं हवेचं बारीक छिद्र चिखलाने बुजलेलं असतं. नदी-ओढ्यातून जाणाऱ्या जीपांमध्ये याच झाकणातून पाणीही आत शिरतं. अशा गाडीचं ऑइल गढूळ, चहाच्या रंगाचं दिसलं तर आतला बोअर, म्हणजे पिस्टन सरकतो ती नळी, गंजायला लागला आहे असं धरून चाला.

बूस्टर (व्हॅक्यूमच्या जोरावर पायाला मदत करणारा डबा) असलेल्या गाडीत ऑइल कमी होतंय पण गळती दिसत नाही, तर सिलिंडरचे दोन नट सैल करून तो थोडा पुढे ओढा आणि मागे बोट फिरवा. बोट ओलं झालं तर मागचं सील गेलं आहे आणि ऑइल बूस्टरमध्ये उतरतं आहे.

तपासणी: चारही चाकांचे व्हील सिलिंडर, सगळे होज आणि शू सेटिंग पाहून झालं? तरच पुढे.

## टप्पा २: गाडीवर प्रत्यक्ष काय बसलंय ते लिहून काढा

वही घ्या. मोबाइलमधले फोटो हवेतच, पण दुकानाच्या काउंटरवर वहीचं पान जास्त उपयोगी पडतं.

1. पुढे ड्रम की डिस्क? मागे? डिस्क असतील तर कोणत्या गाडीचे?
2. सिलिंडर ड्रायव्हरच्या पायाखाली चेसीला आहे की इंजिनाच्या बाजूला फायरवॉलवर (इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यावर)?
3. सिंगल आहे की टँडम (एकात दोन स्वतंत्र भाग असलेला), म्हणजे दुकानाच्या भाषेत टीएमसी? पाइप किती निघतात आणि कोणता कुठे जातो?
4. बूस्टर आहे का? असेल तर त्याला व्हॅक्यूम कुठून मिळतं?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर अंदाजाने लिहू नका. पाइपावर बोट ठेवून चाकापर्यंत जा. टँडममध्ये फायरवॉलकडचा पाइप पुढच्या चाकांचा की मागच्या, हे सगळ्या गाड्यांत सारखं नसतं आणि मधे कुणीतरी पाइप बदललेले असतात.

चौथा प्रश्न डिझेल चढवलेल्या जीपांसाठी. पेट्रोल इंजिनाच्या मॅनिफोल्डमधून बूस्टरला व्हॅक्यूम मिळतं. डिझेलला ते मिळत नाही. तिथे व्हॅक्यूम पंप लागतो, बहुधा तो अल्टरनेटरच्या मागे असतो. पंप मेलेला किंवा त्याची नळी फाटलेली असेल तर पेडल घट्ट होतं आणि लोक मास्टर सिलिंडर बदलत बसतात.

आता पेडलचं गुणोत्तर काढा. पेडल ज्या पिनवर फिरतं तिथपासून पावलाच्या पट्टीच्या मध्यापर्यंतचं अंतर मोजा. त्याच पिनपासून पुशरॉडच्या (पेडलचा जोर पिस्टनवर नेणाऱ्या दांड्याच्या) पिनपर्यंतचं मोजा. पहिल्याला दुसऱ्याने भागा. बूस्टर नसलेल्या गाडीत उत्तर साधारण ६ च्या आसपास यावं, बूस्टरवाल्या गाडीत ४ च्या आसपास. बिनबूस्टरच्या जीपला दुसऱ्या गाडीचा पेडल बॉक्स बसवलेला असेल तर तो इथेच पकडला जातो. अशा गाडीला कुठलाही मास्टर सिलिंडर घातला तरी ब्रेक जड लागणारच.

## टप्पा ३: जुना सिलिंडर काढणं आणि मापं

नटांवर आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. पाइपाच्या नटाला साधा फिक्स पाना लावला की कोपरे गोल होतात. फ्लेअर नटाचा, तोंडाशी कापलेल्या रिंगसारखा पाना मिळतो, तो वापरा. नटाबरोबर पाइपही पिळत असेल तर तिथेच थांबा. पिळलेला पाइप नवाच करावा लागतो. प्रत्येक पाइपाला चिकटपट्टीवर नाव लिहून लावा. ब्रेक ऑइल रंगावर सांडलं तर लगेच भरपूर पाण्याने धुवा, नाहीतर रंग उचलला जातो.

सिलिंडर बाहेर आला की ही मापं घ्या: बोअर, बोल्टच्या दोन भोकांमधलं केंद्र ते केंद्र अंतर, बूस्टरमध्ये किंवा चेसीच्या भोकात बसणाऱ्या मानेचा बाहेरचा व्यास, पिस्टनच्या मागच्या खड्ड्याची खोली, पाइपांची तोंडं कोणत्या बाजूला आहेत ते आणि टाकीचा कल. शेवटचं किरकोळ वाटतं, पण टाकी बॉनेटला किंवा क्लच सिलिंडरला अडते तेव्हा त्याची आठवण होते.

बोअर कसा मोजावा. आधी बॉडीवर ओतीव आकडा शोधा. वायर ब्रश मारला की ७/८, १ किंवा मिलिमीटरमधला आकडा बहुधा दिसतो. मग सर्क्लिप (पिस्टन अडवून धरणारी कडी) काढून पिस्टन बाहेर घ्या आणि व्हर्निअरच्या आतल्या जबड्यांनी मोजा. तोंडाशी नको, सर्क्लिपच्या खाचेच्या आत, आणि एकदा उभं, एकदा आडवं. नेहमीचे आकडे असे: ३/४ इंच म्हणजे १९.०५ मिलिमीटर, १३/१६ म्हणजे २०.६४, ७/८ म्हणजे २२.२२, १५/१६ म्हणजे २३.८१ आणि १ इंच म्हणजे २५.४. व्हर्निअर २२.३ दाखवत असेल तर तो झिजलेला ७/८ समजा. ओतीव आकडा आणि व्हर्निअर यांच्यात मोठा फरक आला तर कुणीतरी आधी स्लीव्ह, म्हणजे आत बसवलेली नवी नळी, मारलेली आहे.

पिस्टनचा खड्डा. बिनबूस्टरच्या सिलिंडरात पुशरॉड पिस्टनमध्ये खोल जातो, कारण तो तिथून निसटता कामा नये. बूस्टरसाठीच्या सिलिंडरात खड्डा उथळ असतो. बूस्टरचा सिलिंडर बिनबूस्टरच्या जीपला लावला की पुशरॉडला बसायला जागाच उरत नाही. खडबडीत रस्त्यावर तो बाजूला सरकला तर ब्रेक संपला.

इशारा: जुना सिलिंडर हाच योग्य होता असं गृहीत धरू नका. आधीच्या मालकाने चुकीचा बसवलेला असेल तर तुम्ही तीच चूक मापात आणून दुकानात नेताय. पुढचा टप्पा त्यासाठी आहे.

## टप्पा ४: बोअर ठरवणं

‘मोठा सिलिंडर म्हणजे जास्त ब्रेक’ हा समज पार मुरलेला आहे. प्रत्यक्षात होतं उलटं. पायाचा जोर तोच राहिला आणि पिस्टनचं क्षेत्रफळ वाढलं की लाइनमधला दाब उतरतो. ७/८ चं क्षेत्रफळ सुमारे ३८८ चौरस मिलिमीटर, १ इंचाचं सुमारे ५०७. म्हणजे ७/८ काढून १ इंच बसवला तर तेवढ्याच जोराला दाब जवळपास पावपटीने घटतो. पेडल कमी खाली जातं, टणक लागतं, मालक खूश होतो. घाट उतरताना कळतं की गाडी थांबवायला आता जवळजवळ उभं राहून दाबावं लागतंय.

बोअर लहान केला की दाब वाढतो, पण पेडल लांब जातं. दर मिलिमीटर सरकण्यात ७/८ सुमारे ०.३९ घन सेंटिमीटर ऑइल ढकलतो, १ इंच सुमारे ०.५१. पुढे मोठ्या पिस्टनची डिस्क कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारे भाग) असतील तर त्यांना ऑइल जास्त लागतं. लहान बोअरचा सिलिंडर पूर्ण दाबला तरी पेडल फळीला टेकतं आणि ब्रेक अर्धाच लागलेला असतो.

मग घ्यायचा कोणता?

चारही ड्रम, बूस्टर नाही, सिलिंडर पायाखाली, म्हणजे सीजे-३बीची मूळ मांडणी: तिथे १ इंच बोअरचा सिंगल सिलिंडर असतो. व्हील सिलिंडरही मूळ मापाचे असतील तर तोच घ्या, प्रयोग नकोत.

फायरवॉलवर बूस्टर आणि टीएमसी असेल तर बूस्टर कोणत्या गाडीचा आहे ते शोधा आणि त्याच जोडीचा सिलिंडर मागा. बूस्टर एका गाडीचा, सिलिंडर दुसऱ्याचा असं केलं तर मधल्या पुशरॉडची लांबी जुळत नाही आणि त्याचे चटके टप्पा ७ मध्ये बसतात.

पुढे डिस्क घातलेली असेल तर डिस्क ज्या गाडीतून आली तिच्या मास्टर सिलिंडरच्या मापापासून सुरुवात करा. ड्रमच्या जमान्यातला सिलिंडर तसाच ठेवून डिस्क चालवणं हे पुढची चाकं तापण्याचं मोठं कारण आहे. ड्रमसाठीच्या पुष्कळ सिलिंडरांत पाइपाच्या तोंडाशी एक छोटा व्हॉल्व्ह असतो. तो लाइनमध्ये साधारण १० पीएसआय दाब कायम धरून ठेवतो. ड्रमच्या शूना परत ओढायला स्प्रिंगा असतात, त्यामुळे तिथे हा दाब चालतो. डिस्कला स्प्रिंग नसते. तोच दाब पॅडला डिस्कवर घासत ठेवतो.

पायाखालच्या सिलिंडरावर डिस्क चालवणाऱ्यांना याच्या उलट अडचण येते. कॅलिपर सिलिंडरपेक्षा उंचावर असल्याने ऑइल मागे उतरतं आणि पहिला ब्रेक पोकळ जातो. तिथे डिस्कच्या लाइनला २ पीएसआयचा व्हॉल्व्ह लावतात. १० चा नाही.

सिंगलचं टँडम करून घ्यावं का? पाइप नाहीतरी नवे करणार असाल तर जरूर करा. सिंगलमध्ये एक होज फुटला की चारही चाकांचा ब्रेक जातो. पण टँडम बसवून दोन्ही तोंडं पुढे एका टी-जोडात मिळवलेल्या जीपाही फिरतात. तो खर्च पाण्यात.

## टप्पा ५: दुकानात

पुण्यात नाना पेठ, मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड. जुना सिलिंडर पुसून पिशवीत घाला, वहीचं पान, व्हर्निअर आणि पाइपाचा एक सुटा नट बरोबर घ्या. हा नट का, ते लगेच येतं.

किटवर (आतल्या रबरांच्या नव्या संचावर) भागवायचं की पूर्ण असेंब्ली, हे बोअर सांगतो. आतून पुसून उजेडात धरा आणि नख फिरवा. नख कुठे अडलं की किट बाद. गंजाच्या खड्ड्यावरून नवा कप दोन महिन्यांत फाटतो. बिडाच्या जुन्या बॉडीला चांगला टर्नर स्लीव्ह मारू शकतो. नवा मिळतच नसेल तेव्हा हा मार्ग ठीक. टाकीतून बोअरमध्ये येणारं केसाएवढं बारीक छिद्र स्लीव्हमधून पुन्हा पाडावं लागतं आणि त्याच्या कडेला बर (धातूची टोकदार किनार) राहू द्यायची नसते, हे टर्नरला आधीच सांगा. अ‍ॅल्युमिनियमच्या बॉडीला घासून चकचकीत करू नका. वरचा कठीण थर जातो.

भंगारातला मास्टर सिलिंडर ब्रेकसाठी घेऊ नका. स्लीव्हसाठी बॉडी म्हणून घेतला तर गोष्ट वेगळी. नवा पण वर्षानुवर्षं फडताळात पडलेला असेल तर पिस्टन बोथट काडीने दाबून पाहा. तो विनाअडथळा आत जायला हवा आणि सोडताच परत यायला हवा. अडखळला तर रबर कडक झालंय. ‘सर्व महिंद्रा जीपना चालेल’ असं लिहिलेल्या ऑनलाइन मालाच्या विक्रेत्याकडून व्हर्निअर लावलेला फोटो मागा. नाही दिला तर विषय संपला.

आटे. इथे सगळ्यात जपून. जुन्या जीपांच्या पाइपांना ३/८ इंच, २४ आट्यांचे नट असतात. नव्या टीएमसींना बहुधा १० मिलिमीटर, १ च्या पिचचे. पहिल्याचा व्यास ९.५३ मिलिमीटर, दुसऱ्याचा १०. डोळ्याला फरक कळत नाही. ३/८ चा नट १० मिलिमीटरच्या तोंडात आरामात शिरतो, फिरतोही, आणि पाना लावला की घट्ट झाल्यासारखा वाटतो. पण आटे नुसते टोकाला धरलेले असतात. जोराचा ब्रेक मारला तर तो पाइप सुटू शकतो. उलट, १० चा नट ३/८ च्या तोंडात एखाद्या वेढ्यात जाम होतो आणि मेकॅनिक पान्याचा जोर लावून आटे कापतो.

म्हणून काउंटरवरच तो सुटा नट नव्या सिलिंडरात नुसत्या बोटांनी फिरवा. चार-पाच वेढे न अडखळता जायला हवेत आणि नट डुगडुगायलाही नको. मग टॉर्चने तोंडाच्या तळाशी बघा. मधोमध शंकूसारखा उंचवटा असेल तर दुहेरी दुमडलेलं, आत फनेलसारखं तोंड असलेला पाइप लागतो. उंचवटा नसेल तर बुडबुड्यासारखं गोल तोंड. दोन्ही एकमेकांवर बसत नाहीत. आटे किंवा तोंड वेगळं निघालं तर नव्या नटाचा नवा पाइप करून घ्या.

इशारा: पाइपाच्या आट्यांना टेफ्लॉन टेप लावू नका. गळती पाइपाच्या तोंडाशी थांबते, आट्यांवर नाही. टेपचा तुकडा मात्र आत जाऊन छिद्र बुजवू शकतो.

## टप्पा ६: टेबलावर हवा काढा

सिलिंडर व्हाइसमध्ये कानाला धरून पकडा, बोअरच्या भागाला कधीच नाही. टाकीत डॉट ३ किंवा डॉट ४ भरा, टाकीच्या झाकणावर जे लिहिलंय ते. तोंडांना छोट्या नळ्या लावून टाकीत बुडवा आणि बुडबुडे थांबेपर्यंत पिस्टन सावकाश ढकला. सिलिकॉनचं डॉट ५ यात मिसळत नाही. गॅरेजमधली उघडी अर्धी बाटली वापरू नका, ते ऑइल हवेतलं पाणी शोषतं. कप धुवायला पेट्रोल किंवा डिझेल घेतलं तर रबर फुगून सिलिंडर पुन्हा काढावा लागेल.

## टप्पा ७: बसवणं आणि पुशरॉडची मोकळीक

पाइपाचे नट आधी हाताने लावा, मग सिलिंडरचे बोल्ट आवळा, शेवटी पाइप. या क्रमाने पाइप तिरका धरत नाही.

पेडल मोकळं असताना पुशरॉड आणि पिस्टन यांच्यात १ ते १.५ मिलिमीटर जागा हवी. पेडलचं गुणोत्तर ६ असेल तर पावलाखाली ती ६ ते ९ मिलिमीटर जाणवते. जागा नसेल तर पिस्टन पूर्ण मागे येत नाही, टाकीतून बोअरमध्ये येणारं ते बारीक छिद्र झाकलेलं राहतं आणि तापलेल्या ऑइलला परत जायला वाट उरत नाही. गाडी चालता चालता स्वतःच ब्रेक धरते.

बूस्टरच्या आतली मोकळीक डोळ्यांना दिसत नाही. मुलांच्या खेळण्यातल्या क्लेची गोळी पुशरॉडच्या टोकाला लावा, सिलिंडर बसवून आवळा, परत काढा आणि चपटी झालेली गोळी मोजा. ती पार आरपार दबली असेल तर रॉड लांब आहे.

तपासणी: टाकीचं झाकण उघडून दुसऱ्याला पेडल अगदी हलकं दाबायला सांगा. ऑइलमध्ये बारीक उसळी दिसली पाहिजे. तोंड लांब ठेवा. उसळी नसेल तर छिद्र झाकलेलं आहे, रॉड कमी करा.

## टप्पा ८: लाइनमधली हवा

आधी शू सेट करा. मग सिलिंडरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात. आपल्या उजव्या स्टिअरिंगच्या गाडीत मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. टाकी रिकामी होऊ देऊ नका, नाहीतर पहिल्यापासून.

## टप्पा ९: रस्त्यावर नेण्याआधी

इंजिन बंद ठेवून पेडल जोरात दाबून धरा आणि दुसऱ्याने सगळे जोड कोरड्या कागदाने पुसून पाहावेत. बूस्टर असेल तर पेडल दाबलेलं ठेवून इंजिन चालू करा. ते किंचित खाली गेलं तर बूस्टर काम करतोय.

मोकळ्या मैदानात २० च्या वेगाने थांबून बघा. मग १०-१५ किलोमीटर ब्रेक कमीत कमी वापरत फिरून या आणि प्रत्येक चाकाजवळ हात न्या. चारही तापली असतील तर पुशरॉड, फक्त डिस्कची दोन तापली तर टप्पा ४ मधला व्हॉल्व्ह, एकच तापलं तर त्या चाकाचा होज किंवा शू. घाटात किंवा ट्रेलवर हे सगळं निकाली काढल्यावरच जा. पहिले आठ दिवस रोज टाकीची पातळी आणि सिलिंडरच्या मागचं रबरी बूट बघत राहा. पातळी उतरतेय आणि बूट ओलं आहे तर नवा सिलिंडरच गळतोय. बिल जपून ठेवलेलं असेल तर तो बदलून घ्या.